ओला टी-शर्ट घेऊन गोंदियाला

सौंदड स्टेशनवर मी मांडीवर लाकडी पाट घेऊन गाडीत बसलो. पाटावर निळा टी-शर्ट ताणलेला आणि छातीवर पांढऱ्या शाईचा चौकोन. ही शाई भाजल्याशिवाय वाळत नाही, आठवडाभर ठेवली तरी ओलीच.

गावातल्या विहाराने मिरवणुकीसाठी पंचशील झेंड्याचे टी-शर्ट सांगितले होते. माझ्या छपाईच्या दुकानाचं पहिलं मोठं काम. नमुन्यात ओल्या पांढऱ्यावर पाच रंग चढवले आणि झेंड्याची खिचडी झाली. समितीचे मेश्रामकाका म्हणाले, "बापू, या खेपेले जमलं नाही तं काम नागपूरले जाईल." आपल्याच माणसांत नाक कापलं जाण्याची मला भीती वाटत होती. म्हणून फ्लॅश यंत्र (दोन रंगांच्या मधे छपाईवर धरायची तापती सपाट शेगडी) आणायला निघालो. पंधरा दिवस व्हिडिओ पाहून मी इतका जाणकार झालो होतो की बायकोशीही वॉटमध्येच बोलत होतो. यंत्र पारखायला ओला टी-शर्ट सोबत न्यायची अक्कल मात्र तिची.

"हात लावू नका, ओलं आहे," असं मी डब्यात सांगत होतो. आमच्या भागात हे आमंत्रणच. शेजारच्या भाजीवाल्या आजीने तर कोपऱ्यात बोट रुतवलं.

"आजी, अहो!"

"काऊन (का) नाही लावायचं? वल्लं (ओलं) हाये म्हनतोस, तं पाहून राहिली ना मी!"

गोंदिया येईपर्यंत सहा बोटं उमटली. मी मनातल्या मनात सगळ्या डब्याला शिव्या घातल्या.

पहिलं दुकान काचेचं, थंडगार. यंत्राला पडदा, चार रंगांचे दिवे. "भैया, नागपुर-रायपुर सब यही चला रहे हैं," म्हणत विक्रेत्याने शाई लावलेला पांढरा रुमाल वाळवून दाखवला. मी भारावलो, इसार द्यायला खिशात हात घातला. मग बायकोची आठवण झाली आणि माझा पाट पुढे केला. पाच सेकंदांत तो म्हणाला, "हो गया. हाथ मत लगाइए!"

सकाळपासून हेच वाक्य मी लोकांना ऐकवत होतो. मला आजी आठवली. मी कोपऱ्यात बोट लावलं. पांढरं झालं. यंत्र फक्त मधेच तापत होतं.

"कोना कौन देखता है, भैया?"

झेंड्याला कोपरे असतात हे त्याला कोण सांगणार! बाहेर येऊन रागारागाने तर्री-पोहे खाल्ले.

मग ऑटोने राईस मिलच्या गल्लीत गेलो. तिथे हवेतला कोंडा शाईला चिकटला. एका कारखान्यात म्हातारे मिस्त्री साधं, बिनरंगाचं यंत्र घेऊन बसले होते. त्यांनी टी-शर्ट यंत्राखाली धरला, काढला आणि म्हणाले, "पहले उंगली लगाओ, फिर बात करो." चारही कोपरे, मग मध्य. बोट कोरडं. "इसमें लाइट-वाइट नहीं है," ते जरा ओशाळून म्हणाले. मी तेच घेतलं, आणि परतीच्या गाडीत पायांत धरून बसलो.

दुसऱ्या दिवशी मेश्रामकाका दुकानात आले. नव्या झेंड्याच्या एकेका रंगावर त्यांनी बोट दाबलं, चष्मा वर करून बोट पाहिलं. "कोरडं हाये. मंग नागपूरले कायले (कशाला) जाऊन राहिलो होतो आपन?" माझे डोळे भरून आले, लपवत नाही.

तो प्रवासातला टी-शर्ट आता पक्का भाजलाय. डब्यातली सहा बोटं, माझं एक आणि गोंदियाचा कोंडा धुऊनही जात नाही. मिरवणुकीत मी तोच घातला. लोक जवळ येऊन छातीवर बोट लावून पाहत होते. मी एकालाही नको म्हटलं नाही.