माझ्या हाकेला जवाब

पोंभुर्ण्याकडच्या आमच्या जंगलात मोहफुलं वेचायला बाया उजाडायच्या आत जात. प्रत्येकीचं झाड वेगळं, एकमेकींपासून लांब. अस्वलालाही मोह आवडतो, म्हणून थोड्या थोड्या वेळानं एकीनं "कूऽऽ" करायचं आणि बाकीच्यांनी जवाब द्यायचा. जवाब आला की समजायचं, बाई ठीक आहे. नाही आला तर सगळ्या धावत जात.

मी नववीत असताना माझ्या ओठांभोवती आणि हातांवर कोड फुटलं. शेजारची मावशी सगळ्यांसमोर म्हणाली, "ही तर भूतच दिसून राह्यली. भुताले कोन जवाब देते?" बाया हसल्या. मीही हसले, आणि त्याचा राग मला अजून येतो.

दुसऱ्या दिवसापासून माझ्या हाकेला जवाब येईना. माझ्यावर अस्वल आलं असतं, तरी कुणी धावलं नसतं. फुलं दिसावीत म्हणून झाडाखालचा पाला जाळत, त्याचा धूर खोडांमध्ये अडकून राही, फुलं टपटप पडत, आणि माझी हाक गेली ती गेलीच. मी सारखी आपले हात बघे. खरंच मी या लोकांना दिसते ना? शेवटी मी एक वेडेपणा सुरू केला. हाक द्यायची, मग पाठ फिरवून, आवाज जाड करून आपणच जवाब द्यायचा. बरं वाटायचं, खोटं कशाला सांगू.

एका सकाळी मी असा जवाब दिला, आणि धुरातून तिसराच आवाज आला. तो पुन्हा आला, आता जवळून. पाला वाजला आणि मावशी बाहेर आली. हातात टोपली नाही, पदर फाटलेला. अस्वल पाहून पळाली होती आणि वाट चुकली होती.

"दुसरी कोन होती इथी?" तिनं विचारलं.

"कोनी नाई. मीच होती."

"काऊन?"

"तुम्ही कोनी जवाब देत नाई म्हनून."

माझं कोपर तिनं घट्ट धरलं, ते पायवाटेपर्यंत सोडलं नाही. तिथं बाकीच्या बाया दिसल्या, तसा तिनं हात काढून घेतला आणि पदराला पुसला.

त्या दिवशी मला रडू आलं नाही. कोपरावर तिच्या बोटांचे वळ उठले होते, चांगले ठणकत होते. भुताला कुणी इतकं घट्ट धरत नाही, असं मनाशी म्हणत मी ते दिवसभर दाबून बघत राहिले.