फटफटीच्या झाकणाचं भोक

आमच्या घरात भोक दिसलं की बुजवतात. ते कशाचं, कुणी पाडलं, कशासाठी पाडलं, असं कुणी विचारत नाही. पिढ्यान्‌पिढ्या खाडीत होडी घालणाऱ्यांना दुसरं काही सुचणं शक्यच नाही, कारण होडीला 'कामाचं भोक' असा प्रकारच नसतो. माझ्या बानं मला शाळेत घातलं त्याच्याही आधी राळ, कापूस आणि मुशी माशाचं तेल एकत्र कुटून होडीची फट कशी भरायची ते शिकवलं होतं. (शुद्धलेखनात मी अजून चुकतो. फट भरताना कधीच चुकलो नाही.)

हे आधीच सांगून ठेवलेलं बरं, म्हणजे पुढे जे घडलं त्याचा दोष तुम्ही फटफटीला देणार नाही.

गोष्ट साठ सालानंतरची. नवी मुंबई हे नाव तेव्हा कुणी ऐकलं नव्हतं. दिघ्याच्या खालच्या अंगाला आमचं गाव, पुढे मिठागरं, मग खाडी. रस्त्याच्या कडेला नुकतेच दोन-चार कारखाने उभे राहत होते, त्यातल्या एकात मी हजेरीपटावर खुणा करायला लागलो. गावात मात्र 'इंजिनांच्या खात्यात आहे' असं सांगायचो. आता इंजिनांच्या खात्यातल्या माणसाकडे स्वतःचं एखादं इंजिन नको का? म्हणून ठाण्याच्या एका माणसाकडून लढाईच्या वेळची इंग्रजांची छोटी फटफटी घेतली. सव्वाशे सीसीची, दोघांना सहज उचलता येईल एवढी.

"ही विमानातून छत्रीला बांधून खाली सोडायचे," तो म्हणाला.

विमानातून पडून जी मोडली नाही ती माझ्या हातून काय मोडणार, असा मी विचार केला. तिथेच चुकलो.

गाडीची निगा मी पोटच्या पोरासारखी राखली. खाऱ्या वाऱ्यानं लोखंड गंजतं म्हणून बा म्हणाला, "गारीला मुशीचा तेल चोपर. होरीला चालतं तं हिला का नाय?" (आमच्याकडे 'ड', 'ढ'चा 'र' होतो, 'ळ'चा 'ल'. गाडीची गारी, होडीची होरी.) मी चोपडलं. गंज थांबला, पण इंजिन तापलं की मासळी तळल्याचा वास सुटायचा आणि गावातली मांजरं मला कारखान्याच्या फाटकापर्यंत सोडायला यायची.

पावसाळ्यात पेट्रोलमध्ये पाणी जायला लागलं. मी बारकाईनं तपास केला आणि टाकीच्या झाकणाच्या मधोमध एक भोक सापडलं. सुईच्या अग्राएवढं! एवढा शिकलासवरलेला इंग्रज, विमानातून गाडी सोडणारा, आणि झाकणाला भोक ठेवून गेला! मला त्याची कीव आली. राळ कुटली, कापूस पिंजला, तेल घातलं आणि ते भोक असं बुजवलं, असं बुजवलं, की बानं त्यावरून अंगठा फिरवला आणि नुसतं "वा!" म्हणाला. बा आयुष्यात दोनदाच 'वा' म्हणाला, त्यातलं हे पहिलं.

पेट्रोलमध्ये पाणी जायचं थांबलं. कारखाना मैलभरावर, त्यामुळे दुसरं काही कळायचा प्रश्नच आला नाही.

दिवाळीनंतर मामानं स्थळ आणलं. नावड्याच्या पाटलांची हिरा. मुलगी मी एका लग्नात पाहिली होती. एका पोऱ्यानं पंगतीत ताक सांडलं, तेव्हा ती एवढी मोकळी हसली होती की मी ताक प्यायचं विसरलो होतो. मला तीच हवी होती. पण पाटलांची अट होती. त्यांचा धाकटा भाऊ खाडीत होडी बुडून गेलेला. तेव्हापासून त्यांनी सांगून ठेवलं होतं, मुलगी खाडीवरच्या माणसाला देणार नाही.

"मी सांगतलाय, पोऱ्या कारखान्यान हाय, फटफटीवर फिरतो," मामा म्हणाला. "खारीचा पानी कोन्त्या रंगाचा तेबी त्याला ठावं नाय."

"मामा, आपल्या दारात होडी आहे!"

"ते आपल्या दारान. नावड्याला कोन नेतंय ती?"

तर, नावड्याला फटफटी नेऊन मी जमिनीवरचा माणूस आहे हे सिद्ध करायचं होतं. मी इस्त्रीचा सदरा घातला, मामा मागे बसला आणि आम्ही निघालो. मुंब्र्यापर्यंत झोकात गेलो. मुंब्र्याच्या पुढे फटफटी दोनदा खोकली आणि थांबली.

"काय झाला रं?"

"काही नाही," मी इंजिनांच्या खात्यातल्या आवाजात म्हणालो. आधी झाकण उघडून पेट्रोल पाहिलं. भरपूर होतं. झाकण लावलं. मग प्लग काढला, फुंकला, धोतराला (मामाच्या) पुसला, परत बसवला. मामा तोवर बांधावर बसून बिडी ओढत होता. किक मारली, सुरू!

"प्लगमध्ये कचरा होता," मी सांगितलं. मामानं अभिमानानं माझ्याकडे पाहिलं.

तीन मैलांवर पुन्हा थांबली. पुन्हा झाकण उघडून पेट्रोल पाहिलं. मग कार्बोरेटर उघडला, फुंकला. मामानं बिडी ओढली. किक मारली, सुरू! शिळेच्या पुढे पुन्हा तेच. आता उघडण्यासारखं काही उरलं नव्हतं, म्हणून झाकण उघडून पेट्रोल पाहिलं, झाकण लावलं आणि नुसता उभा राहिलो. मामाची बिडी संपली. किक मारली, सुरू!

मामा विचारात पडला. मग हळूच म्हणाला, "भाच्या, रागावू नको. तू परत्येक बारीला येगला कायतरी करतंस. बिरी मात्र मी परत्येक बारीला ओरतो."

मी हसलो. पण पुढच्या वेळी गाडी थांबली तेव्हा मी कशालाच हात लावला नाही, फक्त झाकण उघडून पेट्रोल पाहिलं, आणि मामाला म्हणालो, "ओढा." त्यानं ओढली. किक मारली, सुरू! हजेरीपट लिहिणारा, सातवी पास झालेला मी त्या क्षणापासून मानून चाललो की ही फटफटी बिडीवर चालते. लढाईत सैनिक बिड्या ओढतच असतील, तिला तशी सवय लागली असेल, असंही कारण मी शोधून काढलं.

नावड्याला पोचलो. खळ्यात निम्मं गाव जमलेलं. पाटील उंच, कमी बोलणारे. पोहे झाले, चहा झाला. हिरा कप ठेवून आत गेली, आणि जाता जाता फटफटीकडे पाहून तिनं नाक उडवलं. (मुशीचं तेल!) मामा सुटलाच होता. "पाटील, पोऱ्या निस्ता यंत्रातला मानूस. पान्याला भितो. आंघोलसुदीक तांब्यानं करतो!"

पाटील उठले. "चल पोरा, तलोज्यापरयंत जाऊन येव. बघू तुझा यंत्र."

आता मामा खळ्यात आणि पाटील माझ्या मागे. तळोज्याला पोचलो, वळलो, आणि परतीच्या वाटेवर भर शेतात फटफटी दोनदा खोकली. आता झाकण उघडून पेट्रोल पाहत बसायचं कारण नव्हतं. इलाज मला ठाऊक होता. मी धीर एकवटला.

"पाटील, तुम्ही बिडी ओढता?"

पाटील गाडीवरून उतरून माझ्यासमोर आले. "माझी परीक्षा घेतंस?"

"नाही, नाही! एक ओढली असतीत तर..."

"मी कवाच ओरली नाय. माझ्या बापानं ओरली नाय."

झालं! होणाऱ्या सासऱ्याला रस्त्यात उभं करून बिडी ओढायचा आग्रह करणारा माझ्यासारखा जावई पंचक्रोशीत झाला नसेल. मी किका मारल्या. वीस, तीस, पन्नास. सदरा अंगाला चिकटला. शेवटी दीड मैल फटफटी ढकलत आणली. पुढे मी, मागे पाटील, मधे ती बया. खळ्यातलं निम्मं गाव आता पूर्ण गाव झालं होतं.

"मामा, बिडी!" मी लांबूनच ओरडलो. मामानं दोन एकदम पेटवल्या. मी किक मारली. काही नाही. लोक पोट धरून हसायला लागले. मला मात्र रडू येत होतं. बिडीही नाही, प्लगही नाही, आणि हिराही नाही.

हिरा ओटीवर रॉकेलचा डबा घेऊन कंदील भरत होती. तिनं आमचा तमाशा जरा वेळ पाहिला आणि बापाला म्हणाली, "बाबा, त्या टाकीला वर भोक हाय का बघा."

"भोक?" मी दचकलो. "छे! भोक कसं असेल? एकही नाही."

"मंग तेल खाली कसा येल?" तिनं हातातला डबा दाखवला. त्याच्या पत्र्याला दोन भोकं होती. "ह्यातून रॉकेल परतं. ह्यातून वारा आत जातो. वारा नाय जेला तं रॉकेल अरकतं. बायामानसांना ठावं हाय ते."

मुंब्रा, शीळ, दर वेळी उघडलेलं ते झाकण, सगळं माझ्या डोळ्यांसमोरून गेलं. ती खाली आली, केसातला आकडा काढला आणि झाकणाच्या मधोमध टोचला. चिवट होतं. जोर लावावा लागला. मग एक बारीक काळा गोळा सुटून आला आणि टाकीनं 'सुईऽऽ' करून लांब श्वास घेतला. मी किक मारली. पहिल्याच किकेला सुरू!

गाव ओरडलं, पण पाटलांनी हात वर केला. त्यांनी तो गोळा उचलला, चुरगाळून पाहिला, नाकाशी नेला.

"राल," ते म्हणाले. "कापूस. मुशीचा तेल. ह्या होरीचा काम हाय. कोनी भरला?"

मामा आभाळाकडे पाहायला लागला. मला खोटं बोलता आलं नसतं, हिरा समोर उभी होती. "मी भरलं," म्हणालो. "माझ्या बाची होडी आहे. मी लहानपणापासून खाडीत जातो. फट भरायची तर गावात मलाच बोलावतात."

पाटील तो गोळा बोटांत फिरवत राहिले. मी टोपी उचलली. आता निघायचंच होतं.

"माझ्या भावाच्या होरीची फट निंगालेली," ते हळूच म्हणाले. "कोनी नीट भरली नव्हती." मग गोळा माझ्यासमोर धरला. "यानं तं वारासुदीक आत सोरला नाय. असा हात असंल तं खारीवर माझी पोर देयाला मी नाय भिनार."

मामाच्या हातातल्या दोन्ही बिड्या खाली पडल्या. माझे डोळे भरून आले, हे मी लपवत नाही.

"पन एक अट," पाटील म्हणाले. "होरी तू बघायची. फटफटी माझी पोर बघंल. तू गारीला हात लावायचा नाय."

बाला हे कळलं तेव्हा तो दुसऱ्यांदा 'वा' म्हणाला. माझ्यासाठी नाही, सुनेसाठी.

तेव्हापासून प्लग, कार्बोरेटर, तेल-पेट्रोलचं मिश्रण, सगळं हिरा पाहते. मला पुसायची परवानगी आहे. पुसता पुसता कुठं भोक दिसलं, तर हात मागे घ्यायचा आणि तिला हाक मारायची. धूर सोडणाऱ्या नळीला मागच्या बाजूला केवढंतरी मोठं भोक आहे, हे मी तिला आतापर्यंत तीनदा दाखवलं. "ते ऱ्हाऊ द्या," म्हणते.

राहू दिलंय. राळ मात्र कुटून ठेवली आहे.