मेडिकलची खात्री

आसेगावच्या एका मुलीला मेडिकलला प्रवेश मिळणारच, असं मी सांगून बसलो आणि ते साफ चुकलं.

मी मराठी शिकवायचो. बारावी तेव्हा नवीनच होती. निकाल घेऊन ती बापासोबत माझ्या खोलीवर आली. बाप जऊळका स्टेशनवर हमाल. कॉलेजात असेपर्यंत लग्नाचं नाव काढणार नाही, असं त्यानं तिला कबूल केलं होतं.

"गुरुजी, नागपूरले नंबर लागन काय?" बापानं विचारलं.

मी ऐटीत चष्मा पुसला. आदल्या वर्षीची यादी किती टक्क्यांवर थांबली, त्याचं पेपरातलं कात्रण काढलं आणि तिच्या सगळ्या विषयांची बेरीज केली. मराठीत तिला भरघोस गुण होते. ती आपलीच कर्तबगारी, या खुशीत बेरीज दोनदा केली.

"लागलाच समजा," मी म्हणालो. "अकोल्याचा बीएस्सीचा फॉर्म उगाच कशाला भरता?"

यादीत तिचं नाव नव्हतं. चूक त्यांचीच, असं समजून मी भांडायला नागपूरला गेलो. खिडकीतल्या कारकुनानं सांगितलं, की इथे फिजिक्स, केमिस्ट्री आणि बायॉलॉजी एवढेच धरतात. माझी मराठी वजा केली, तर ती यादीच्या जवळपासही नव्हती. तोवर अकोल्याचे प्रवेशही बंद झाले होते.

परत येऊन मी सगळं कबूल केलं. त्याच आठवड्यात मुलीला पाहायला पाहुणे यायचे होते.

बाप म्हणाला, "गुरुजी, तुमाले मालूम नोतं, तं मालूम नाही म्हनाले पैसे लागत होते काय?"