तहकूब सभेतला अर्धा तास

त्या दिवशी दूध सोसायटीच्या खोलीत चेअरमन व्हते, सेक्रेटरी व्हता, गावातले पंच व्हते, दूध मापनारा गडी व्हता आन दाराजवळ पोत्यावर मी व्हते. बास. आमच्या वस्तीवरचं दुसरं कुनी न्हवतं. वस्ती सगळी ऊस तोडाया गेलती. माझं पोरगं आन सूनबी गेलते. मागं ऱ्हायली म्हातारी मानसं आन दुभती जनावरं.

मला पंचात घेतलं ते कायद्यानं, एक बाई पायजे म्हनून. मालक वारल्यावर त्यांच्या जागी मी सभासद झालते. मला वाचता येत न्हाई, तवा त्यास्नी वाटलं, ही बरी हाय, गप बसंल. लई दिस मी गप बसलेबी. बाकीचे खुर्चीवर, मी पोत्यावर. सभा सुटली की ते बोलत बोलत हाटेलाकडं जायचे आन मी एकटी पांदीनं वस्तीकडं. वाटंत बोलाया कुनी न्हाई, घरीबी कुनी न्हाई.

त्या साली पाऊस पडलाच न्हाई. आडात नुसता चिखल. सोसायटीत सरकारचा चारा यायचा व्हता आन तो कुनाला द्यायचा ते सभेत ठरनार व्हतं. सभा धरली दिवाळी झाल्यावर. आमची मानसं दसरा झाला की गाड्या जुंपून जात्यात, गुढीपाडव्याच्या आगंमागं येत्यात. हे त्या खोलीत कुनाला ठावं न्हवतं? समद्यास्नी ठावं व्हतं.

नेम असा हाय, मानसं पुरी भरली न्हाईत तर सभा अर्धा तास तहकूब करायची. मंग जेवढी असतील तेवढ्यावरच चालवायची. ती सभा खरी धरत्यात. चेअरमननं घड्याळ बगितलं, तहकूब म्हनले, आन समदे भायेर लिंबाखाली तंबाखू मळत बसले.

मी आतच बसले. कुनी येनार न्हवतं. येनारी मानसं तिकडं फडात कोयते चालवीत व्हती. तरीबी मी दाराकडं बगत ऱ्हायले, येड्यावानी.

समदे परत आत आले. सेक्रेटरी म्हनला, "चारा रोज दूध घालनाऱ्या सभासदाला. गावाबाहेर गेलेल्याला न्हाई."

मी म्हनले, "मानूस गावाबाहेर हाय. गाय गावातच हाय की."

चेअरमन हसले. "काकू, मंग गाईलाच सभासद करून घ्यावं का?"

"करा की. ती दिवाळीला कुठं जात न्हाई. तिला तरी सभंला येता यील."

दूध मापनारा फसकन हसला. चेअरमननं त्याच्याकडं बगितलं तसा गप झाला.

"ठराव पाडव्यापस्तोर ठिवा," मी म्हनले. "मानसं येऊ द्या."

"तवर जनावरं ऱ्हातील का, काकू?"

"मंग चारा आज समद्यास्नी द्या आन ठराव पाडव्याला करा."

एक पंच वैतागला. "म्हातारे, बसाया जागा दिली ती कमी हाय का? कशापायी एवढं लावून धरलंय?"

चेअरमन हात वर करा म्हनले. समद्याचे हात वर गेले, माझा खाली. सेक्रेटरीनं एक इरोध लिवला आन चहा सांगितला. मी चहा घेतला न्हाई.

वस्तीवर आले तर म्हाताऱ्या वाट बगत उभ्या. एकजन म्हनली, "तू तर आत व्हतीस ना गं?" मी हुय म्हनले. आत व्हते. त्या दिवसापासून त्या माझ्या दारात बसाया यायच्या बंद झाल्या. सोसायटीवाल्यास्नी मी नको आन वस्तीलाबी नको.

वस्तीवरच्या गाईंच्या बरगड्या दिसाया लागल्या. मंग आष्टीकडचे व्यापारी आले आन एक एक करून घिऊन गेले. माझी गाय आटलती, रोजचं दूध न्हाई म्हनून चारा मलाबी न्हाई; तीबी गेली. सांजंला धारंच्या वक्ताला मी सवयीनं गोठ्यात जायचे आन उगीच उभी ऱ्हायचे.

पाडव्याला पोरगं आलं. मोकळी दावन बगितली. पानी पिलं. मंग म्हनलं, "आई, सभा कवा झाली?"

मी सांगितलं.

पुढच्या साली गाड्या जुंपायच्या आधी वस्ती सगळी सोसायटीपुढं जाऊन बसली, सभा आमी हाय तवरच घ्या म्हनून. खोलीत मानसं मावंनात. वस्तीवरचे दोन गडी पंचात आले. काही सालं तसं चाललं. मंग चेअरमन बदलले आन तारीख परत दिवाळीपल्याड सरकली. आता माझ्यानं पांदीनं जानं हुईत न्हाई. पोरगं अजून तोडीलाच जातंय.

मी सांगून दुसऱ्याकडनं लिवून घेतलेलं हे वाचनाऱ्याला माझं मागनं हाय. तुमी कोनत्याबी सोसायटीत, संघात असलात तर सभंची तारीख धरायच्या आधी ईचारा, आज गावात कोन न्हाई. ती मानसं यीस्तोर थांबा.