शोभाला घेऊ न दिलेलं घर

साखरा गाव सोडलं त्या सकाळी सेनगावच्या जीपच्या टपावर माझी ट्रंक आणि गादीची वळकटी चढवली होती. माझी मुलगी शोभा मला न्यायला आली होती. चुलतभाऊ सखाराम सगळ्यांसमोर म्हणाला, "काहून दादा, म्हातारपणी लेकीच्या दारची भाकर? पोरीनं आधी नवरा सोडला, आता बापाला गाव सोडाया लावून राहिली." जीपमधले हसले. शोभा वळकटीची दोरी आवळत राहिली. मी जीपमध्ये चढलो.

तेव्हाच बोलायला हवं होतं. आता संभाजीनगरातून, तिच्या भाड्याच्या घरातून, तुम्हा भावकीला लिहितो आहे.

शोभानं नवरा सोडला नाही. त्यानं दुसरी बाई आणली आणि घटस्फोटही त्यानंच मागितला. कोर्टातून तिला एकरकमी पैसे मिळाले, हिंगोलीच्या एका शाळेत नोकरीही लागली. एका दुपारी ती मला म्हणाली, "दादा, हिंगोलीत दोन खोल्यांचं घर इकाया हाय. माझ्या पैशात बसतंय. घेऊ का?"

तिची आई तेव्हा होती. ती म्हणाली, "घेऊ द्या की लेकराला."

मी म्हणालो, "भाड्यानं ऱ्हा. घर घेतलं की लोक म्हणतील, ही आता कायमची आली. मग पुन्हा कोण बायको करून घेईल तुला?"

तिनं माझं ऐकलं. मला वाटायचं, भाड्याच्या खोलीतलं दुःख खोलीसारखंच सोडून देता येतं.

पण एकट्या बाईला खोली द्यायला कुणी तयार होईना. शेवटी एका मालकीणबाईंनी विचारलं, "जावई काय करतात?" शोभा काही बोलायच्या आत मी बोलून गेलो, "मिलिटरीत हायेत." खोली मिळाली. काढून ठेवलेलं मंगळसूत्र तिला पुन्हा घालावं लागलं.

संक्रांतीच्या हळदीकुंकवाच्या दिवशी मी तूरडाळ घेऊन तिच्याकडे गेलो होतो. बाया आत, मी बाहेर ओट्यावर. उखाण्यांची पाळी शोभावर आली. आतून आवाज आला, "लाजून काहून राहिली गं? घे की फौजीचं नाव! का लपवून ठेवलंय?" हशा झाला. मी उठून आत जायला हवं होतं, खरं सांगायला हवं होतं. मी बसून राहिलो. तिला टाकून दिलेल्या माणसाचं नाव माझ्या लेकीनं यमकात घेतलं, आणि बायांनी टाळ्या वाजवल्या.

त्यानंतर महिनाभरात तिनं खोली आणि नोकरी दोन्ही सोडली आणि संभाजीनगरला गेली. गावात तुम्ही म्हणालात, पोरीला शहराचं वारं लागलं. मी तेही खोडून काढलं नाही. कोर्टाचे पैसे एका खोलीतून दुसऱ्या खोलीत जाता जाता संपले.

आता तिचे केस पांढरे झालेत. अकरा महिन्यांचा करार, पुन्हा सामान, पुन्हा नवीन पत्ता. सकाळी ती डबा भरते, माझ्या गोळ्या काढून ठेवते, शेअर रिक्षानं कामाला जाते. मला कधी टोचून बोलत नाही. बोलली असती तर बरं वाटलं असतं.

गेल्या महिन्यात मालकानं घर खाली करायला सांगितलं. मी म्हणालो, "साखऱ्याचं घर इकतो. तू इथं एखादं घे."

ती कपड्यांच्या घड्या घालत होती. "तवा पायजे होतं दादा," ती म्हणाली. "एक पोरगी दत्तक घ्यायची होती मला. तिला एका जागी आपलं घर पायजे होतं. तुमाला सांगितलं न्हाई. आता कुणासाठी घेऊ?"

तिनं पुढची घडी उचलली. "भाड्याचंच बघते. तळमजल्याचं. तुमच्यानं जिना चढवत न्हाई."

घर कुठलं, असं कुणी विचारलं की माझ्या तोंडात साखरा येत नाही. हिंगोलीतल्या त्या दोन खोल्या येतात, जिथं आम्ही कधी राहिलोच नाही. आता तिथं दुसऱ्या कुणाची तरी लेकरं वाढली असतील.