रेइनोच्या झाडांची तपासणी

ताइमी गुडघ्यांवर चालते. म्हणजे पाय धड आहेत तिचे, साठी उलटली तरी माझ्यापेक्षा झपझप चालते. पण बर्फ वितळला की तिचं कामच गुडघ्यांवरचं. कुणाला आपलं रान तोडायचं असलं आणि ते दलदलीच्या कडेला असलं, की यंत्राच्या आधी ताइमी येते. बुंध्याशी रांगते, शेवाळ बाजूला सारते आणि उडत्या खारीच्या लेंड्या शोधते. भाताच्या शितांएवढ्या, पिवळ्या. सापडल्या की त्या झाडाला आणि आजूबाजूच्या झाडांना फीत बांधते, आणि फितीच्या आत मग कायद्याने करवत जात नाही. खार स्वतः सहसा कुणाच्या दृष्टीस पडत नाही. माझा जन्म इथे गेला, मला दोनदाच दिसली, आणि त्यातलं एक बहुतेक घुबड होतं.

आमच्या उर्पोच्या रानात तिने काही वर्षांपूर्वी अशी फीत बांधली, तेव्हापासून माझा हा नवरा तिच्यावर रुसून आहे. रुसून बोलणं बंद केलं असतं तर माझे कान सुखी झाले असते. पण नाही. यंदाच्या हिवाळ्यात बर्फाच्या भाराने ताइमीच्या सौनाचं, म्हणजे वाफेच्या न्हाणीघराचं, छप्पर बसलं, आणि दर शनिवारी ती आमच्याकडे अंघोळीला येऊ लागली. दारातच ह्याचं सुरू व्हायचं.

"आलीस? बुटाला एखादी खार चिकटून नाही ना आली?"

"आली तर तुझ्या डोक्यात घर करील. आत जागा बरीच आहे."

ताइमीचा नवरा रेइनो सुतार होता. अर्ध्या गावाच्या सौनातली बाकं त्याच्या हातची, आमचंही त्यानेच केलेलं. बाक ॲस्पेनच्या लाकडाचंच हवं, हा त्याचा हट्ट, कारण ते कितीही तापलं तरी बसणाऱ्याला भाजत नाही. स्वतःच्या घरी मात्र पाइनच्या फळ्या. बसलं की चटका, उठलं की डिंक. ताइमीने कुरकुर केली की म्हणायचा, "आपलं बाक तिकडे दलदलीच्या कडेला उभं आहे. जरा जाड होऊ दे." ती ॲस्पेनची झाडं जाड होत राहिली, आणि तीन वर्षांपूर्वी रेइनो गेला.

वसंतात ताइमीच्या नव्या सौनाच्या भिंती उभ्या राहिल्या, दगडांची भट्टी बसली, बाकाची जागा तेवढी मोकळी राहिली.

"दुकानात मिळतात की तयार फळ्या," मी म्हटलं.

"मिळतात. पण मला रेइनोचं बाक हवंय, इर्या. त्याने म्हटलं होतं ते. दुसरं काही नकोय."

"मग तोड ती झाडं. तुझीच आहेत."

"तपासल्याशिवाय?"

"तपास ना मग. अख्ख्या तालुक्याचं तूच तपासतेस."

"माझं रान, मीच तपासणार, आणि मीच म्हणणार काही सापडलं नाही? गाव हसेल. तू आणि उर्पो साक्षीला या."

उर्पोला हे सांगितलं तेव्हा त्याने शिट्टी वाजवली. तिथेच मला संशय यायला हवा होता. सकाळी पिराक्का, म्हणजे आमच्या भाताच्या करंज्या, करायला घेतले, तर सारणासाठी दुधात शिजवून ठेवलेला भात अर्धाच! मला वाटलं, खाल्ला असेल. ह्या माणसाला थंडगार भात चमच्याने खायची खोड आहे, आणि लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर मी भाताची चौकशी करत नाही.

आम्ही तिघं रानात गेलो. ताइमीने पहिल्या ॲस्पेनशी गुडघे टेकले, बुंध्याभोवती पूर्ण फेरी रांगली. काही नाही. दुसऱ्याशी काही नाही. तिसऱ्याशीही नाही. कपाळावरच्या आठ्या एकेक करून सुटत चालल्या होत्या तिच्या, आणि मी मनात देवाला म्हणत होते, एवढं एक दे बाबा हिला. ती पुढच्या झाडाशी गेली आणि थबकली.

मुळांच्या बेचक्यात पिवळ्या दाण्यांचा हा एवढा ढीग.

"अरेरे!" उर्पो म्हणाला. एवढं दुःख त्याला त्याची म्हातारी आत्या गेली तेव्हाही झालं नव्हतं. "वाईट झालं हो. पण नियम म्हणजे नियम, ताइमी. काढ फीत."

ताइमीने चिमूट उचलली, नाकाशी नेली. मग सावकाश मान वळवली.

"उर्पो, सॉसेज कुठाय?"

"कसलं सॉसेज?"

"मोहरीची चटणी इथे आहे, म्हणजे सॉसेजही जवळपास असणार. आणि एका खारीने एवढं करायचं म्हणजे ती डुकराएवढी हवी रे!"

"माझा भात!" मी ओरडले. "मेल्या, माझ्या पिराक्कांचा भात खारीच्या नावावर खपवतोस?"

उर्पोचे कान लाल झाले, पण तोही हसत सुटला. ताइमी तर शेवाळावर आडवी झाली हसून हसून. मी थर्मास उघडला, कॉफी झाली, उरलेल्या भाताचे जे काही पिराक्का झाले होते ते खाऊन झाले. उर्पोने कबूल केलं की शनिवारपर्यंत मजा बघून मग सांगणार होता. ताइमी म्हणाली, "एक झाड राहिलंय. ते बघते आणि निघू."

ते झाड सगळ्यांत जाड, पार दलदलीवर झुकलेलं, वर सुतारपक्ष्याने कोरलेलं भोक. ती गुडघ्यांवर बसली ती उठेचना. म्हणून मी गेले.

शेवाळात दहा-पंधरा दाणे होते. बारीक, कोरडे, फिकट पिवळे. भोवती चिखल नुसता पाण्याने थबथबलेला आणि त्यावर ताइमीच्या गुडघ्यांखेरीज कसलीही खूण नाही. उर्पो तर बुटांना चिखल लागेल म्हणून अंगणसुद्धा वळसा घालून ओलांडतो.

ताइमीने माझ्याकडे पाहिलं. मागे उर्पो अजून हसत होता. तिने अगदी हळू विचारलं, "हाही तुझाच भात असेल ना, इर्या?"

मला कळलं होतं. तिलाही कळलं होतं. पण रेइनोचं बाक त्या झाडात होतं, आणि मी तिची मैत्रीण आहे. मी म्हटलं, "हो. माझाच."

तिने एक दाणा उचलून माझ्या तळहातावर ठेवला.

"मग खा."

मी त्या दाण्याकडे पाहिलं. मैत्रीलाही काही सीमा असते. माझं तोंड बघून ती पुन्हा हसायला लागली, आणि हसता हसता तिचे डोळे भरून वाहू लागले. मग तिने खिशातून फीत काढली आणि रेइनोच्या झाडाला स्वतःच्या हाताने बांधली. मग त्याच्या शेजारच्या झाडाला, मग त्याच्या पलीकडच्या, असं करत थेट पहिल्या झाडापर्यंत.

उर्पो जवळ आला. त्याचं हसू कुठच्या कुठे गेलं होतं.

"ताइमी, माझ्या भातातच खपलं असतं हे. कुणाला कळलं नसतं."

"तुझ्या रानात फीत मीच बांधली ना?" ती म्हणाली. "मग?"

उर्पोने टोपी काढली, पुन्हा घातली. घरी येईपर्यंत तो एक शब्द बोलला नाही, आणि मला सांगायला लाज वाटते, मला करमेना.

ताइमीने दुकानातून पाइनच्या फळ्या मागवल्या. "सवय आहे मला," म्हणाली. मी रडले, ती नाही.

मध्यग्रीष्माच्या सणाच्या आदल्या दिवशी आमच्या सौनातून ठोकाठोक ऐकू आली. जाऊन बघते तर आत नुसत्या भिंती, आणि आमचं बाक अख्खंच्या अख्खं अंगणात. ह्या बाकावर कुणी ओला टॉवेल टाकून ठेवला तरी उर्पो घर डोक्यावर घेतो.

"वेड लागलं का?"

"ते टोक धर," उर्पो म्हणाला. "आणि बडबडू नकोस."

ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत घालून आम्ही ते ताइमीच्या दारात नेलं. ती बघतच राहिली.

"हे रेइनोने केलेलं," उर्पो तिच्याकडे न बघता म्हणाला. "त्याच झाडांच्या शेजारचं एक तोडलं होतं तेव्हा. मी होतो करवतीच्या दुसऱ्या टोकाला. तुझ्या पाइनच्या फळ्या मला दे. हिशेब मिटला."

"ते आत बसेल का पण?"

"नाही बसलं तर भिंत सरकव."

बसलं. जेमतेम, पण बसलं. सणाच्या दिवशी भट्टी पेटली आणि रिवाजाप्रमाणे आम्ही बायका आधी आत गेलो. अंगावर मारून घ्यायची बर्चच्या डहाळ्यांची जुडी बादलीत भिजत होती. बाहेर पायरीवर आपली पाळी यायची वाट बघत उर्पो ओरडत होता, "डावीकडचा खळगा माझा आहे! तीस वर्षं बसून केलाय!"

ताइमीने दगडांवर पाणी ओतलं. वाफ उठली. तिने त्या बाकावरून एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत तळहात फिरवला. भाजलं नाही.

"सरक जरा, रेइनो," ती म्हणाली, आणि बसली.