राव काका आणि खिडकीची खोली

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही, बायकोलाही नाही. आमच्या इमारतीतले सेतुमाधव राव दुनियेतल्या सगळ्यांवर संशय घ्यायचे, एकट्या माझ्यावर घेत नसत. आणि मी त्यांना फसवलं. पैशाअडक्यात नव्हे, बोटीवरच्या एका खिडकीपायी.

ते कसे होते हे आधी सांगायला हवं, त्याशिवाय मी काय केलं ते कळायचं नाही.

चेन्नईजवळच्या ओरगडमच्या कारखान्यात बदली झाली आणि आम्ही नाशिकहून येऊन चेन्नईत अड्यारला राहू लागलो, त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी ते मला फाटकापाशी दिसले. लुंगीसारखी नेसलेली पांढरी वेष्टी, कपाळावर गंधाची बारीक रेघ, आणि हातात दुधाची पिशवी. पिशवी उजेडाकडे धरून ते हळूहळू दाबत होते. मी थांबलेला पाहून म्हणाले, "भोक नाही."

"मग चांगलंच की," मी म्हणालो.

"काय चांगलं? भोक नाही म्हणजे पाणी बाहेरून घातलं नाही. डेअरीतच घातलं." मग माझ्याकडे नीट पाहून, "मराठी? कोणत्या गावचं?"

त्यांचं मराठी तंजावरचं. घराणं कैक पिढ्यांपूर्वी तिकडे गेलेलं. 'मी केलो', 'मी पाहिलो' असं ते बोलत, मधूनच तमिळ हेल येई, आणि मी 'मी केलं' म्हटलं की त्यांना हसू फुटे. "केलं तर केलं, पण कोण केलं? तुमच्या मराठीत माणूस लपतो रे, तम्बी." तम्बी म्हणजे धाकटा भाऊ. त्या दिवसापासून मी तम्बी.

त्यांनी जन्मभर बंदरावर विमा कंपन्यांसाठी सर्व्हेयरचं काम केलं होतं. माल भिजला म्हणून कुणी भरपाई मागितली की काका जाऊन बघणार. खिशात सिल्व्हर नायट्रेटची तपकिरी बाटली. भिजलेल्या पोत्यावर दोन थेंब टाकायचे. पांढरं फुटलं तर समुद्राचं पाणी, नाही फुटलं तर गोदामातल्या नळाचं. नळाचं पाणी मारून भरपाई मागणारे किती निघाले, हे ते रंगवून सांगत. "पोतं खरं बोलतं रे. पोत्याचा मालक कारणं सांगतो. कारण जितकं लांब, तितकं खोटं. मी कारण ऐकायलाच जात नव्हतो, पाणी बघायला जात होतो."

निवृत्त झाले तरी ही सवय सुटली नाही. रिक्षावाला रस्ता बदलण्याचं कारण सांगू लागला की काका उतरून चालू लागत. डॉक्टरनी दोन वाक्यांपेक्षा जास्त समजावलं तर दुसऱ्या डॉक्टरकडे जात. त्यांचा दुसरा नियम, कागद हातात येईपर्यंत तोंड उघडायचं नाही. मुलीचं लग्न ठरल्याचं बायकोच्या सख्ख्या बहिणीला पत्रिका छापून आल्यावर कळलं म्हणे.

बायको म्हणजे अक्का. हसऱ्या, गोलमटोल, दोन्ही गुडघे गेलेले. त्यांची एकच हौस होती आणि ती त्या दहा वर्षं बोलून दाखवत होत्या. मलाही म्हणत, "श्रीधर, आम्ही लहानपणी नागपट्टणमच्या वाळूत बसून बोटी पाहायचो. आता बोटीतून किनारा कसा दिसतो, ते पाहायचं आहे. एवढंच." काका म्हणत, "किनारा तोच. तिकडून पाहिला तर काय, त्याला शिंगं फुटतात?" पण हे ते खाली मान घालून म्हणत.

चेन्नईहून श्रीलंकेला जाणाऱ्या पर्यटन बोटी सुरू झाल्या आणि आमच्या इमारतीत वारं संचारलं. आठ कुटुंबांनी मिळून जायचं ठरलं. एजंट शोधणं, बोट निवडणं, सगळं माझ्यावर आलं, कारण कारखान्यात माझं काम गुणवत्ता तपासणीचं. काका माहितीपत्रकं घेऊन रोज संध्याकाळी वर येत. भिंग आणत.

"हे बघ. 'पासून' लिहिलं आहे. इतक्या रुपयांपासून. कुठपर्यंत, ते कुठे लिहिलं?"

"काका, ते बंदराचे कर वेगळे."

"वेगळे म्हणजे बोट बंदरात न येता जाऊ शकते काय? मग? आणि ही बाई बघ, फोटोतली. पोहण्याच्या हौदात एकटी. आठशे माणसं बोटीत आणि हौदात एकटी बाई? बाकीचे बुडाले?"

माझी बायको मंजिरी चहाचे कप ठेवता ठेवता हसून बेजार व्हायची. पण काकांच्या शंका बहुतेक खऱ्या निघत. स्वस्त दिसणारी मोठी बोट टिपा आणि कर धरता महाग पडत होती. तिच्यावर दिवसभर गाणीबजावणी, जुगाराचा हॉल, आणि शाकाहारी जेवण म्हणजे उत्तर हिंदुस्थानी पनीर. दुसरी बोट लहान होती, जुनी होती, पण शांत. डेक रुंद, बसायला जागा आणि बाहेरच्या बहुतेक खोल्यांना खिडक्या. आमच्या वयाच्या लोकांना तीच योग्य होती. काका दोन्ही पत्रकं शेजारी ठेवून म्हणाले, "लहान. हिच्यात आवाज कमी, म्हणजे लपवायला कमी."

मी मोठी बोट ठरवली.

का, ते सांगतो. एजंट बाईंनी मला बाजूला घेऊन सांगितलं होतं की मोठ्या बोटीवर आठ खोल्या भरल्या, तर ग्रुप आणणाऱ्याला बाल्कनीची खोली मिळेल, जादा काही न देता. मी कधी बाल्कनीच्या खोलीत राहिलो नव्हतो. सगळ्यांना मी सांगितलं की लहान बोटीच्या तारखा जुळत नाहीत. कुणी विचारलं नाही. काकांनी फक्त मान हलवली. "तू पाहिलास ना? मग शरी." शरी म्हणजे ठीक.

पुढचं याहून वाईट आहे. पैसे भरायच्या आधी काका एकटे आले. दार लोटून घेतलं. म्हणाले, "तम्बी, आमची खोली खिडकीची कर. बाल्कनी मिळाली तर बाल्कनी. जो फरक पडेल तो मी देतो. तिला डेकवर चढता येत नाही, गर्दीत उभं राहता येत नाही. खोलीतच बसून पाहील. पण तिला सांगू नकोस. कागद हातात आला की मी दाखवतो."

मी एजंट बाईंना फोन केला. त्या म्हणाल्या, "सार, बाहेरची एकच खोली उरली आहे. तुम्हाला कबूल केली ती. तुम्ही सोडत असाल तर त्या वयस्कर जोडप्याला देते. सांगा, काय करू?"

मी म्हणालो, राहू द्या. आणि काकांना सांगितलं, "खिडक्या सगळ्या भरल्या हो काका. उशीर झाला." दोनच वाक्यं. लांब कारण दिलं नाही, कारण काकांना लांब कारण पचत नाही हे मला माहीत होतं.

 काका म्हणाले, "शरी. निदान बोट तरी आहे."

बोट निघाली तेव्हा सगळे डेकवर गेले. काकांनी अक्कांना धरून धरून वर आणलं, पण कठड्यापाशी तरुण पोरं नाचत होती, स्पीकर थरथरत होते. अक्कांनी पाठी पाहिल्या. किनारा दिसला नाही. जिन्यावरून उतरताना गुडघा मुरगळला, सुजला, आणि त्यानंतर त्या पाचव्या मजल्यावरच्या आतल्या खोलीत बसल्या. दिवा बंद केला की भर दुपारी काळोख.

आमची खोली त्यांच्या दोन मजले वर. ती बाल्कनीची आहे हे मी ग्रुपमध्ये कुणाला सांगितलं नव्हतं, उगाच हेवा नको म्हणून मंजिरीलाही बोलू दिलं नव्हतं. मंजिरी म्हणाली, "अहो, अक्कांना व्हीलचेअरवर आणू या की इकडे. बिचाऱ्या." मी म्हणालो, दुसऱ्याच्या खोलीत पाहुणे चालत नाहीत, बोटीचा नियम आहे. असा काही नियम नव्हता.

दुसऱ्या दिवशी काका न्याहारीला एकटे आले. अक्कांसाठी इडल्या ताटलीत झाकून घेतल्या. मग माझ्या शेजारी बसून हळूच म्हणाले, "आपल्यात कोणाकडे खिडकी आहे काय रे? अर्धा तास. ती नुसती बसेल. बोलणारसुद्धा नाही."

"विचारतो," मी म्हणालो.

मी कुणाला विचारणार होतो? वर गेलो. श्रीलंकेचा किनारा जवळ आला होता. हिरवी रेघ, मग माड, मग पांढरं देऊळ की दीपगृह, ते कळेना. मी खुर्ची टाकून अख्खा वेळ पाहिला. वाईट वाटल्यामुळे दिसला नाही असं म्हणणार नाही. चांगला दिसला.

संध्याकाळी काकांनी परत विचारलं नाही. दुसऱ्या कुणावर त्यांनी तिथल्या तिथे संशय घेतला असता. माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "नाही मिळाली तर नाही. तू तरी काय करशील?"

परत आल्यावर अक्कांना एक विनोद सापडला. इमारतीत कुणी भेटलं की त्या सांगत, "आमच्या ह्यांनी मला समुद्रात नेलं आणि गोडाऊनमध्ये ठेवलं! जन्मभर गोडाऊन पाहिलेला माणूस, बायकोलाही तिथेच ठेवणार." सगळे हसत. काकाही हसत. एकदा जिन्यापाशी हे झालं आणि अक्का आत गेल्यावर मी म्हणालो, "काका, सांगून टाका ना त्यांना. तुम्ही खिडकी मागितली होती, पैसे द्यायला तयार होता."

"कारण सांगू? मी?" त्यांनी चष्मा पुसला. "चाळीस वर्षं लोकांची कारणं ऐकलो, तम्बी. तिला खिडकी नव्हती. पोतं भिजलं आहे. आता मी मागितलो होतो, मिळाली नाही, असं म्हणालो तर ती विश्वास ठेवेल काय? मीच ठेवला नसता." मग म्हणाले, "मी ती बारीक अक्षरं नीट वाचायला पाहिजे होतं. लहान बोट घ्यायची होती. चूक माझी."

त्या क्षणी बोलायचं होतं. त्याऐवजी मी मंजिरीनं हाक मारली आहे असं दाखवून वर गेलो.

पुढच्या वर्षी काका गेले. छातीत दुखलं, इस्पितळात दोन दिवस. मी भेटायला गेलो तेव्हा ते नर्सच्या हातातली सलाइनची बाटली घेऊन तिच्यावरची तारीख वाचत होते. मला पाहून बाटली नर्सकडे परत दिली. "तू वाच," म्हणाले, "तू वाचलास तर मला वाचायला नको."

तेराव्याला लोक गेल्यावर अक्का भिंतीला टेकून बसल्या होत्या. मुलगी आत भांडी आवरत होती. अक्का म्हणाल्या, "चांगला माणूस होता, श्रीधर. वाकडा होता, पण चांगला. फक्त हात आखडता. बघ ना, बोटीवर एक खिडकी घेतली असती तर काय बिघडलं असतं? मला तेवढंच हवं होतं. ठाऊक होतं त्यांना. तरी पैसे वाचवले." त्यांच्या डोळ्यांत पाणी नव्हतं. हे त्यांनी कधीचंच मनाशी पक्कं करून ठेवलं होतं. मी हातातली कॉफी संपवली आणि उठलो.

त्याला आता तीन वर्षं झाली. अक्का अजून खालीच राहतात. संध्याकाळी दारात खुर्ची टाकून बसतात आणि मी कारखान्यातून आलो की विचारतात, "जेवलास काय रे?" इमारतीत नवीन कुणी आलं की गोडाऊनचा विनोद सांगतात. त्या लोकांच्या लेखी राव काका म्हणजे बायकोच्या खिडकीचे पैसे वाचवणारा माणूस.

मी अक्कांचं देणं लागतो ते एवढं: त्यांच्या नवऱ्यानं खिडकी मागितली होती, तिचे पैसे द्यायला तो तयार होता, खिडकी शिल्लक होती, आणि ती मी घेतली, हे त्यांच्यासमोर बसून सांगणं. ते अजून दिलेलं नाही.